फोटोवरून डिजिटल व्यक्तिचित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात राहून मी गेली काही वर्षे फोटोंवरून संगणकावर व्यक्तिचित्रे रंगवते. मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात, ओटीवरच्या जुन्या तसबिरी खाली उतरवून पुसल्या जातात आणि मग चौकशीचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. मात्र फोनवर घाईत दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

डिजिटल व्यक्तिचित्र म्हणजे फोटोला लावलेला फिल्टरच ना?

नाही. फिल्टर लावणारे ॲप संपूर्ण फोटोवर एकच गणिती प्रक्रिया करते. आजीच्या गालावरची सुरकुती आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीवरची भेग या दोन्हींवर ते सारख्याच जाडीचे ब्रशचे फटकारे उमटवते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अलीकडची साधने याहून पुष्कळ हुशार आहेत, त्यांना चेहरा कळतो. पण फोटोत जो भाग अस्पष्ट आहे तो ती इतर असंख्य अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरून काढतात. आपल्या माणसाच्या चित्रात नेमके तेच नको असते.

माझे काम कोऱ्या पडद्यावरून सुरू होते. एका बाजूला फोटो उघडा असतो, दुसऱ्या बाजूला रिकामा कॅनव्हास असतो आणि हातात दाब ओळखणारा पेन असतो. सध्याचे बरेच पेन टॅब्लेट, म्हणजे या पेनने रेखाटायच्या संगणकाला जोडलेल्या पाट्या, दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतात, त्यामुळे हात हलका ठेवला तर भुवईचा एकेक केस काढता येतो आणि जोर दिला तर खांद्यावरचा पदर दोन फटकाऱ्यांत उतरतो. फोटोशॉप, प्रोक्रिएट, क्रिता यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी क्रम तैलरंगातल्या चित्राचाच राहतो. आधी उजेड आणि सावलीचे मोठे भाग मांडायचे, मग चेहऱ्याची घडण, मग त्वचेतील रंगांचे सूक्ष्म फरक आणि केस, दागिने, डोळ्यांतील चमक ही सर्वांत शेवटी. नवशिका बहुतेक वेळा उलट्या टोकाने, म्हणजे पापण्यांपासून, सुरुवात करतो आणि दोन तासांनी त्याच्या लक्षात येते की डोळा सुंदर झाला आहे, पण तो कानाच्या फार जवळ आहे.

डोळ्याचेच पाहा. बुबुळाभोवतीचा भाग पांढऱ्या रंगाने रंगवला तर चेहरा बाहुलीसारखा दिसतो, कारण तो भाग प्रत्यक्षात पांढरा नसतोच. वरच्या पापणीची सावली त्याच्या वरच्या कडेवर पडलेली असते, नाकाकडच्या कोपऱ्यात तांबूस छटा असते आणि वयस्कर माणसात सगळाच भाग किंचित पिवळसर असतो. खरा पांढरा रंग मी बुबुळावरच्या चमकेच्या एका ठिपक्यासाठी राखून ठेवते. तो ठिपका कुठे आहे यावरून खिडकी कुठल्या बाजूला होती हे कळते, म्हणून तो मनाने कुठेही ठेवता येत नाही.

मग तुम्ही फोटो गिरवता का?

डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि हनुवटी यांच्या जागा ठरवण्यापुरता मी चौकटींचा आधार घेते, आणि मुदत कमी असेल तेव्हा फोटो खालच्या लेअरवर, म्हणजे चित्राखालच्या वेगळ्या थरावर, ठेवून या जागांच्या खुणाही करते. यात लपवण्यासारखे काही नाही. जुने व्यक्तिचित्रकारही फोटोवर चौकटी आखून तो मोठ्या कॅनव्हासवर उतरवून घेत असत. गिरवण्याने जागा मिळतात, घडण मिळत नाही. गालाचे हाड कुठे वळते आणि वळताना सावली किती मऊ होते, हे बाह्यरेषेत नसते.

सुरुवातीच्या काळात एका म्हाताऱ्या गृहस्थांचे चित्र मी अगदी तंतोतंत गिरवून केले होते. ते पाहून त्यांच्या लेकीने शांतपणे सांगितले, “नाक बाबांचाच आसा, पण तोंड दुसऱ्याचा.” चौकशी केल्यावर कळले की त्या फोटोच्या आदल्या आठवड्यात त्यांची कवळी बसवली होती आणि ती नीट बसत नसल्यामुळे त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. कॅमेऱ्याने खोटे काहीच टिपले नव्हते, पण घरच्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेला चेहरा तो नव्हता. तेव्हापासून पेन हातात घेण्यापूर्वी मी घरातल्या किमान दोन माणसांशी बोलते आणि त्याच व्यक्तीचे आणखी तीन-चार फोटो, मग ते कितीही वाईट असोत, मागवून घेते.

फोटो नव्याने काढायचा असेल तर तो कसा काढावा?

सर्वांत आधी सेल्फी टाळावी. मोबाइल हातभर अंतरावर धरला की कॅमेऱ्याच्या जवळ असलेले नाक मोठे आणि दूर असलेले कान लहान दिसतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली हे मोजून दाखवले : बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी रुंद दिसते, आणि पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोत हा दोष जवळपास उरत नाही. तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी पाच-सहा फूट मागे उभे करून, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढावा. चेहरा लहान आला तरी चालेल, मात्र डिजिटल झूम करू नये. मोबाइलला दुप्पट किंवा तिप्पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती जरूर वापरावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्याकडे दुपारचे ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पाडते. किनाऱ्यावर त्यात वाळूवरून परतणाऱ्या उजेडाची भर पडते, आणि हनुवटीखालचा जो भाग सावलीत असायला हवा तोच उजळ होतो. सूर्यास्ताला समुद्राकडे पाठ करून काढलेले फोटो दिसायला छान असतात, पण त्यांत चेहरा नसतोच, नुसती आकृती असते. माडाच्या किंवा पोफळीच्या बागेत सावली मिळते, परंतु पानांतून गाळून आलेला हिरवा रंग गालांवर आणि कपाळावर बसतो. तो काढून टाकता येतो, पण त्याबरोबर त्वचेचा मूळ तांबूसपणाही जाण्याची भीती असते. त्यापेक्षा घराची पडवी उत्तम. सकाळी आठ-नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर माणसाला पडवीच्या कडेला असे बसवावे की उजेड एका बाजूने येईल आणि दुसरा गाल हलक्या सावलीत राहील. पावसाळ्यातले ढगाळ आभाळही चालते, कारण त्यातून येणारा उजेड मऊ असतो. फक्त बसलेल्या माणसाला दाराजवळ घ्यावे.

एका बाजूने येणाऱ्या उजेडाने चेहऱ्याला केवढा उठाव येतो हे पाहायचे असेल तर सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. दिव्यावर धरलेल्या बोटांतून उजेड आरपार जाऊन ती लालबुंद झाली आहेत, आणि हे सर्व जलरंगात आहे, जिथे चूक पुसण्याची सोय जवळजवळ नसते. आमच्याकडे मागे जाण्याचे बटन असते, हे मी स्वतःला अधूनमधून बजावत असते.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर चालेल का?

चालेल, पण तो डॉक्युमेंट म्हणून जोडावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करते. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि पापण्या, केस, साडीची काठपट्टी असा बारीक तपशील चौकोनी ठिपक्यांत विरघळतो. तोच फोटो पुढे तीन गटांत फिरून माझ्याकडे आला असेल तर विचारायलाच नको. ईमेलने किंवा गूगल ड्राइव्हवरून मूळ फाइल पाठवणे सर्वांत चांगले.

आमच्याकडे आजोबांचा एकच लहानसा फोटो आहे. त्यावरून चित्र होईल का?

बहुधा होते, परंतु फोटो किती लहान यापेक्षा त्यातला चेहरा किती लहान हे महत्त्वाचे असते. पासपोर्ट आकाराचा ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके या प्रमाणात, स्कॅन केला की सुमारे १६५० × २१०० पिक्सेलची प्रतिमा मिळते आणि तीत चेहरा भरपूर मोठा असतो. याउलट लग्नाच्या गटफोटोत तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा जेमतेम ८ मिलिमीटर उंच असतो; त्याच स्कॅनमध्ये तो ३८० पिक्सेलचाही भरत नाही, आणि त्यातही निम्मे ठिपके कागदाच्या पोताचे असतात. स्कॅनरची क्षमता वाढवत नेल्याने फायदा होत नाही, कारण बहुतेक छापील फोटोंमध्ये ६०० डीपीआयच्या पुढे तपशीलच शिल्लक नसतो.

असा फोटो मोठा आणि स्पष्ट करून देणारी ॲप आहेत, आणि पुष्कळजण त्यातून काढलेली प्रतिमा मला उत्साहाने पाठवतात. ती मी संदर्भ म्हणून घेत नाही. तिच्यातल्या पापण्या, दात आणि त्वचेची रंध्रे ॲपने तयार केलेली असतात. मूळ धूसर फोटो आणि आत्याने सांगितलेली “त्यांची डावी भुवई मध्येच तुटलेली होती” ही एक ओळ माझ्या जास्त उपयोगाची असते. नाक-डोळे स्पष्ट नसतील तर मी चित्रही त्या मानाने सैल ठेवते, सावलीत गेलेला भाग सावलीतच राहू देते. काही वेळा सख्ख्या भावाचा किंवा मुलाचा फोटो कानाच्या, हनुवटीच्या घडणीसाठी संदर्भ म्हणून उपयोगी पडतो. तसे केले असेल तर ते मी घरच्यांना आधी सांगते.

जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे आणि त्यावर बुरशीचे डाग आहेत. काय करावे?

तो ओढून काढू नये, ही विनंती मी हात जोडून करते. जुन्या फोटोंच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो आणि प्रतिमा त्या थरातच असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने हवेत ओल राहते, जिलेटिन ती शोषून फुगते, मऊ होते आणि समोर टेकलेल्या काचेला धरते. पुढे उन्हाळ्यात ते वाळले की काच आणि फोटो एकजीव होतात. अशा वेळी कागद ओढला तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. माझ्या स्वतःच्या घरातली पणजीची तसबीर मी शाळकरी वयात अशीच साफ करायला घेतली होती, आणि तिच्या कपाळाचा उजवा भाग आज कुठल्याही फोटोत नाही.

चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करावा. स्कॅनर नसेल तर तसबीर भिंतीवरून उतरवून खिडकीजवळ पण उन्हाबाहेर सपाट ठेवावी, मोबाइल तिला समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि काचेत आपलेच प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाइलच्या मागे काळे कापड धरावे. कॅमेरा तिरका धरला तर डोके निमुळते येते आणि तो दोष चेहऱ्याची ठेवण समजून रंगवला जाण्याचा धोका असतो.

बुरशीचे डाग ओल्या फडक्याने पुसू नयेत. सुटा फोटो कोरड्या खोलीत, उन्हाबाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही दिवस ठेवावा आणि वरची कोरडी बुरशी मऊ ब्रशने हलकेच झटकावी. राहिलेले डाग मला अडचणीचे नसतात. मी फोटो दुरुस्त करत नसून त्यावरून नवे चित्र करत असते, त्यामुळे डागाखाली काय होते एवढेच कळले तरी पुरते. कसर लागून भोक पडलेल्या जागी काय होते ते मात्र विचारावे लागते.

कृष्णधवल फोटोवरून रंगीत चित्र करताना रंग कसे ठरवता?

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘विचारून’ असे आहे. कृष्णधवल फोटो फक्त उजेड-अंधार सांगतो, आणि तोही नेहमी बरोबर सांगत नाही. जुन्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या काचा आणि फिल्म यांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल ते काळे आणि निळे ते फिकट येई. त्या फोटोंत कुंकू काळ्या टिकलीसारखे, विड्याने रंगलेले ओठ गडद आणि लाल लुगडे शोकाच्या साडीसारखे दिसते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने त्या करड्या छटांवर थेट रंग चढवला तर नवरीला काळे लुगडे नेसवण्याचा प्रकार होतो. सावळा वर्णही अशा फोटोंत प्रत्यक्षाहून गडद येतो, कारण त्वचेतील तांबूसपणा काळ्यात गणला जातो.

डोळ्यांचा प्रश्न आपल्या भागात विशेष येतो. कोकणात घाऱ्या डोळ्यांची घराणी कमी नाहीत आणि कृष्णधवल फोटोत घारे डोळे नुसते फिकट करडे दिसतात. घारा म्हणजे कोणाच्या घरी मधाळ, कोणाच्या घरी हिरवट, कोणाच्या घरी राखाडी. अशा वेळी मी त्याच घरातील हयात घाऱ्या डोळ्यांच्या माणसाचा, दिवसाच्या उजेडात जवळून काढलेला फोटो मागते.

वस्त्रांच्या बाबतीत घरातली ट्रंक सर्वांत विश्वासू. वेंगुर्ल्याच्या एका कुटुंबाने आजीच्या लग्नातल्या फोटोवरून चित्र करायला दिले, आणि शालू हिरवा होता यावर तिन्ही भावंडांचे एकमत होते. नंतर माळ्यावरच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत गुंडाळलेला तो शालूच सापडला. तो जांभळा होता, काठ तेवढे हिरवे, आणि घडीच्या आत न उसवलेल्या भागात जरतार अजून पिवळीधमक होती. मी त्या घडीच्या आतल्या भागाचा रंग घेतला. बाहेरचा भाग विटून करडा झाला होता.

तयार चित्रात नथ उजव्या नाकपुडीत कशी काय आली?

आली असेल तर फोटो उलटा होता. बऱ्याच मोबाइलमध्ये सेल्फी आरशातल्यासारखी डावी-उजवी बदलून साठवली जाते, आणि जुने फोटोही कधीकधी निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले असतात. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते, पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, आणि मागे दुकानाची पाटी किंवा भिंतीवरचे कॅलेंडर असेल तर अक्षरे सरळ की उलटी हे लगेच दिसते. या खुणा मी आता पहिल्याच दिवशी तपासते. ‘आता’ अशासाठी की एका निवृत्त मास्तरांचे चित्र मी खिसा आणि त्यातले पेन त्यांच्या उजव्या छातीवर ठेवून पूर्ण केले होते. चित्र उलटवून देणे हे एका क्लिकचे काम आहे, परंतु घड्याळही दुसऱ्या मनगटावर गेले तर? म्हणून आधी विचारलेले बरे.

रंग थोडा उजळ करून द्याल का?

उजेड वाढवून देईन, वर्ण बदलून देणार नाही. हा माझा आग्रह आहे आणि त्यामुळे काही कामे गेलीही आहेत. त्यामागे नुसते तत्त्व नाही, रंगकामाचे कारणही आहे. सावळ्या त्वचेवर कपाळ, गालाचा उंचवटा, नाकाचा शेंडा यांवर आभाळाची निळसर चमक पडते आणि सावलीत विटकरी, जांभळट रंग येतात. चेहऱ्याचा घाट त्याच फरकातून दिसतो. सगळीकडे गुलाबी पांढरा फासला की हा फरक बुजतो आणि माणूस ओळखू येत नाही. होडीवर आयुष्य काढलेल्या माणसाचे कपाळ टोपीच्या रेषेपर्यंत काळवंडलेले आणि त्यावर फिकट असते; ती रेषा पुसली तर त्या माणसाची ओळखच पुसली जाते. फोटो अंधारात काढलेला असेल तर मात्र तो दोष फोटोचा आहे आणि तो मी न सांगताही दूर करते.

वेगवेगळ्या फोटोंतील माणसे एका चित्रात आणता येतात का?

येतात, आणि नातवाला न पाहता गेलेल्या आजोबांच्या मांडीवर नातू बसवण्याची मागणी सर्वांत जास्त असते. यात अडचण उजेडाची असते. आजोबांवर स्टुडिओतला उजेड डावीकडून आहे आणि बाळावर मोबाइलचा फ्लॅश समोरून आहे, तर दोघे एका खोलीत बसल्यासारखे वाटत नाहीत. दोघांपैकी एकाचा उजेड मला नव्याने बांधावा लागतो, म्हणजे त्या चेहऱ्यावरची प्रत्येक सावली बुद्धीने ठरवावी लागते. म्हणून अशा चित्राला दुप्पट वेळ लागतो आणि मूल्यही त्या मानाने वाढते. फोटो निवडताना दोन्ही चेहरे साधारण एकाच उंचीवरून आणि एकाच कोनातून घेतलेले पाहावेत.

मिटलेले डोळे उघडणे, चष्म्यावरची चमक काढणे, हार किंवा मोडलेली खुर्ची वगळणे हे सहज होते. ओठांवर नसलेले हसू आणणे सहज होत नाही, कारण हसताना फक्त ओठ हलत नाहीत. गाल वर सरकतात, खालच्या पापण्या आक्रसतात. हसरा दुसरा फोटो असेल तरच मी ते करते.

चित्राला किती दिवस लागतात आणि बदल कितीदा करता येतात?

एका व्यक्तीच्या छातीपर्यंतच्या चित्राला मला पंधरा ते वीस तास लागतात, आणि ते सलग नसल्यामुळे दोन आठवडे धरावेत. गणपतीपूर्वी हवे असेल तर आषाढातच कळवावे. बदलांसाठी मी दोन टप्पे ठेवले आहेत. पहिल्या टप्प्यावर फक्त करड्या रंगातले कच्चे रूप दाखवते आणि तेव्हाच साम्याबद्दल स्पष्ट बोलावे. गाल भरलेले हवेत की बसलेले, हे रंग भरण्याआधी बदलणे सोपे असते. दुसऱ्या टप्प्यावर रंग, दागिने आणि पार्श्वभूमी यांबद्दल सांगावे. चित्र घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला दाखवावे आणि त्यांनी पाहताक्षणी काय म्हटले ते, सभ्यतेसाठी न बदलता, मला कळवावे.

किती मोठे छापता येईल?

मी बारा × अठरा इंचांसाठी ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेलमध्ये रंगवते. तीच फाइल दोन × तीन फुटांवर छापली तर १५० पीपीआय मिळतात. एवढे मोठे चित्र लोक चार-पाच फुटांवरून पाहतात, त्यामुळे ते पुरेसे ठरते. ए-फोर आकाराला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. याहून मोठे हवे असेल तर सुरुवातीलाच सांगावे, कारण रंगवून झालेले चित्र नुसते ताणून मोठे केल्यास ब्रशच्या कडा पसरट होतात.

छापलेले चित्र मोबाइलवरच्यापेक्षा काळपट का दिसते?

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि कागद खोलीतला उजेड परत पाठवतो, म्हणून माजघराच्या अर्धवट उजेडात टांगलेले चित्र मोबाइलइतके उजळ दिसू शकत नाही. शिवाय बऱ्याच मोबाइलचे पडदे रंग भडक करून दाखवतात, आणि रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून चालू केलेली पिवळट छटा बंद करायची राहून जाते. चित्र तपासताना ती बंद करावी. छपाईसाठी मी वेगळी, किंचित उजळ केलेली फाइल देते आणि आधी हातभर रुंदीची चाचणी पट्टी छापून घ्यायला सांगते. ती चित्र जिथे लावायचे त्याच भिंतीवर धरून पाहावी.

कोकणातल्या दमट हवेत छापील चित्र टिकते का?

फ्रेम नीट केली तर टिकते. छपाई पिगमेंट (रंगद्रव्याचे कण असलेल्या) शाईने आणि आम्लरहित कागदावर किंवा कॅनव्हासवर करून घ्यावी. कागदी चित्र असेल तर काच आणि कागद यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून अंतर ठेवावे; वर सांगितलेली चिकटण्याची गोष्ट पुढच्या पिढीत पुन्हा घडू नये. मागचा फळा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला) नको, तो ओलीने फुगतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंतीशी थोडी फट राहते आणि हवा खेळते. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो ती, म्हणजे बहुतेक घरांत नैर्ऋत्येची किंवा पश्चिमेची, भिंत टाळावी, कारण चिरा ओल आत घेतो. साध्या खिळ्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरावा. खाऱ्या हवेत साधा खिळा गंजतो आणि मग तसबीर थेट खाली येते.

चित्राचे हक्क कोणाकडे राहतात?

प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोलाही हाच नियम आहे, त्यामुळे लग्नाच्या अल्बममधला आपला फोटो चित्रासाठी देण्यात सहसा अडचण येत नाही. चित्रकार म्हणून नाव असण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे माझ्याकडे राहतो. सही मी खालच्या कोपऱ्यात लहानशी करते. वर्तमानपत्रातून किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या, दुसऱ्याने काढलेल्या फोटोवरून चित्र हवे असल्यास त्या छायाचित्रकाराची परवानगी आणावी लागते. आपले चित्र नमुना म्हणून इतरांना दाखवण्यापूर्वी मी आपली परवानगी घेते, आणि दिवंगत व्यक्तीचे असेल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत विचारतही नाही.

हे काम शिकायचे असेल तर कुठून सुरुवात करावी?

पेन्सिलने. सॉफ्टवेअर महिनाभरात येते, डोके कवटीसकट काढता यायला वर्षे लागतात. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा द्याव्यात. पुढे शिकायचे तर चिपळूणजवळ सावर्डे येथे आणि देवरुखला कला महाविद्यालये आहेत, मुंबईलाच जायला हवे असे नाही. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर क्रिता पूर्णपणे मोफत आहे आणि व्यक्तिचित्राला लागणारे सर्व काही त्यात आहे. पडदा असलेला महागडा टॅब्लेट घेण्याची घाई करू नये. साध्या टॅब्लेटवर हात खाली आणि नजर वर ठेवण्याची सवय तीन-चार आठवड्यांत होते. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने दर दहा मिनिटांनी फाइल आपोआप साठवली जाईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करून ठेवावी. माझी एक नथ, आठ मोत्यांसकट, अशीच गेली आहे.

चित्र घरपोच कसे येते?

फाइल ईमेलने येते. छापील हवे असेल तर कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळते, प्लास्टिकच्या नळीत घालते आणि नळीची दोन्ही टोके चिकटपट्टीने बंद करून पार्सलने पाठवते. फ्रेम आपल्या गावातच करून घ्यावी, काच प्रवासात टिकत नाही. नळी मिळाल्यावर चित्र लगेच उलगडून एक दिवस सपाट ठेवावे. मूळ फाइल, सर्व लेअरसह, मी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर पाच वर्षे जपून ठेवते, त्यामुळे पुढे धाकट्या भावाच्या घरी दुसरी प्रत हवी झाली तर नव्याने रंगवण्याची गरज पडत नाही.